पगारी रजेचा रंग

शोधा

"तीस," कुलूपवाला म्हणाला.

"तीस काय?"

"आठवडे. आईला. सलग."

"परत बघ."

"परतच बघतोय. तीस चौकोन आहेत. बोट ठेवून मोजले."

ती पलंगावर आडवी होती आणि डोळ्यांवर थंड पाण्यात भिजवलेल्या रुमालाची घडी होती, त्यामुळे तिला ना चौकोन दिसत होते ना बोट. संध्याकाळी हे रोजचंच. ती दिवसभर खिडकीशी बसून बुबुळं रंगवते. ज्यांचा एक डोळा गेलाय त्यांना दुसऱ्याशी हुबेहूब जुळणारा खोटा डोळा करून देणाऱ्या एका छोट्या कारखान्यात. नखाएवढी चकती, तीन केसांचा ब्रश, आणि समोरच्या खुर्चीत पापणी न हलवण्याची शिकस्त करणारा माणूस. उजेड गेला की काम बंद. घरी आल्यावर तिचे डोळे काहीही वाचायला नकार देतात, म्हणून घरातलं सगळं वाचन नवऱ्याकडे. विजेचं बिल, बातम्या, तिच्या आईचे मेसेज. हे शेवटचे तो तिच्या आईच्या आवाजात वाचतो आणि पदरचं एक वाक्य जोडतो, 'जावईबापूंना जप.'

रंगांचं खातं तिच्याकडे. कुलूपवाल्याला हिरव्या-नारिंगीतला फरक जन्मापासून कळत नाही. टोमॅटो, मोजे, भिंतीला द्यायचा हात. तो विचारतो, ती सांगते. संसार असा वाटून घेतलेला. आजवर कुठे अडलं नव्हतं.

आता पाचवा महिना लागला होता. तिला हवं होतं ते एवढंच: बाळाचे पहिले सहा महिने घरी राहायचं, आणि त्या सहा महिन्यांत पगार चालू. पगार थांबून चालणार नव्हतं. कुलूपवाल्याची कमाई लोक किल्ल्या किती हरवतात यावर, आणि लोक हल्ली फारच सावध झाले होते.

साइट डॉक्टरीणबाईंनी सुचवली होती. कुणीही यावं, आपला मालक बाळंतपणाची रजा किती देतो ते लिहावं, आपलं नाव सांगू नये. आईला किती, वडिलांना किती, परत आल्यावर तीच जागा मिळते का. एका मालकाची एक रांग. अशा हजारो रांगा.

गाळून घ्या

"काय काय गाळू?"

"जवळचं ठेव. बसने जाता येईल असं."

"गाळलं. अजून खूप आहेत."

"जिथे रंग ओळखणारं माणूस लागतं असं."

"अशी चाळण नाही इथे. 'उत्पादन' आहे, 'आरोग्य' आहे, 'इतर' आहे. तू इतर."

"मी कायमच इतर. ती लेन्सवाली कंपनी बघ."

लेन्सवाल्या कंपनीने महिन्यापूर्वी तिला फोन केला होता. ते डोळ्यात घालायच्या रंगीत लेन्सा करतात आणि प्रत्येक नवा रंग पास करणारी नजर त्यांना हवी होती. ती 'बघते' म्हणाली होती. 'बघते' म्हणजे नाही, हे दोन्हीकडच्यांना ठाऊक होतं. पण तेव्हा पोट दिसत नव्हतं.

"आपला कारखाना आहे का त्यात?" तिने विचारलं.

तो टाइप करत राहिला. मग वाचलं: "या मालकाची माहिती अजून कोणी दिलेली नाही. तुम्ही पहिले व्हा."

"आणि तुझी?"

"माझी सोपी आहे. मालक: मी. रजा: शटर खाली, गल्ला खाली. परत आल्यावर तीच जागा मिळते का? मिळते. फक्त गिऱ्हाईक समोरच्याकडे गेलेलं असतं."

ती रुमालाखाली हसली. रुमाल घसरला, त्याने सरळ केला.

शेजारी शेजारी ठेवा

साइटवर दोन रांगा एकाखाली एक लावता येतात. आठवड्याला एक चौकोन.

लेन्स कंपनी: तीस चौकोन.

रंगाचे डबे करणारी कंपनी (रंग जुळवणारं माणूस त्यांनाही हवं होतं): बारा चौकोन.

पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरांत सूचना. हिरवा चौकोन पगारी. नारिंगी चौकोन बिनपगारी.

सूचना त्याने वाचली. मग तीस चौकोनांवरून नजर फिरवली, मग बारांवरून. त्याला सगळे एकाच रंगाचे दिसले. सगळे एकाच रंगाचे म्हणजे वेगळं काही नाही. आणि वेगळं काही नाही म्हणजे सगळे पगारी, नाहीतर कुणी तीस लिहिले असते कशाला. किल्लीचे दात मोजतात तसं त्याने लांबी मोजली. लांब ती चांगली.

तिला हाक मारावी असं क्षणभर आलं त्याच्या मनात. ती रुमालाखाली शांत श्वास घेत होती. त्याने हाक मारली नाही.

"पगारी," तो म्हणाला. "सगळे."

ज्यांनी रजा घेतली त्यांचं म्हणणं

हे तो निरनिराळ्या आवाजांत वाचतो.

*(बारीक आवाज)* "रजा उत्तम. परत आले तर माझ्या टेबलावर प्रिंटर. प्रिंटरला हलवायला वरून मंजुरी लागते म्हणाले."

*(जाड आवाज)* "वडिलांना पाच दिवस. दोन दवाखान्यात गेले, एक दाखल्यापायी, एक झोपण्यात. पाचव्या दिवशी बाळाशी ओळख झाली."

*(दोन आवाज एकदम)* "आम्ही दोघी आया. 'वडील' या चौकटीत काय लिहायचं यावर ऑफिसात तीन बैठका झाल्या. चहा आमच्या खर्चाने. रजा मंजूर."

*(त्याचा स्वतःचा आवाज)* "लेन्स कंपनी. तीस आठवडे घेतले. सांगितलं होतं तसंच सगळं झालं."

"बघ," तो म्हणाला. "सांगितलं होतं तसंच."

मालकाला कळवा

कारखाना म्हणजे तीन खोल्या. पहिलीत साचेकाका. ते डोळ्याच्या खोबणीचं माप घेतात, मेणाचा आकार करतात, त्यावरून पांढरा भाग ओततात. मधल्या खोलीत भट्टी आणि पॉलिशचं चाक. शेवटच्या खोलीत उत्तरेची मोठी खिडकी आणि खिडकीशी तिचं टेबल. पॉलिश करणारी पोरगी दुपारनंतर येते. आणि बाई. कारखाना बाईंचा. तिला ब्रश धरायला बाईंनीच शिकवलं.

बाईंचा एक नियम, जो त्यांना त्यांच्या गुरूंकडून मिळाला: ज्याचं बुबुळ त्यानेच संपवायचं. एकाने सुरू केलेल्या चकतीला दुसऱ्याने हात लावायचा नाही. रंगवणारा आजारी पडला तर गिऱ्हाईक थांबेल. कुणी काळी पट्टी बांधून लग्न लावलंय, पण चकती दुसऱ्याच्या हातात गेलेली नाही. सहा वर्षांपूर्वी बाईंनी रंगकाम सोडलं, तेव्हापासून सगळ्याच चकत्या तिच्या.

आणि म्हणूनच इथे रजा असं काही नव्हतं. ती नसेल तर एकही डोळा बाहेर पडणार नाही; डोळा बाहेर पडला नाही तर पगार कुठून निघणार? हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिने कधी विचारलंही नव्हतं.

मंगळवारी सकाळी तिने लेन्स कंपनीला फोनवर होकार कळवला. शुक्रवारी सही. मग ती बाईंसमोर जाऊन उभी राहिली.

"बाई, मी जातेय."

"जा ना. डॉक्टरकडे?"

"नाही. सोडून. लेन्स कंपनीत."

बाईंनी चष्मा काढला. साचेकाका दारात आले आणि तिथेच थांबले, हातात कुणाच्या तरी डोळ्याचा मेणाचा आकार.

"किती देतायत?"

"तीस आठवडे. पगारी. त्या रजेच्या साइटवर आहे."

"तीस." बाईंनी चष्मा परत घातला. "मग जा. मी तुझ्या जागी असते तर काल गेले असते." थोड्या वेळाने म्हणाल्या, "न्हाव्याचा डोळा तेवढा पुरा करून जा. बिचारा पट्टी लावून वस्तरा चालवतोय. गिऱ्हाइकं घाबरतात."

साचेकाका आत गेले आणि मेण जरा जास्तच जोरात थापू लागले.

पुन्हा तपासा

बुधवारी ती पोचली तेव्हा बाई कारखान्याचा कॉम्प्युटर उचलून उत्तरेच्या खिडकीशी आणत होत्या. तो एरवी पहिल्या खोलीत असतो आणि साचेकाका त्यावर पत्ते खेळतात.

"बस," बाई म्हणाल्या. "हा रंग कोणता?"

पडद्यावर रांग होती. चौकोन. बाईंचं बोट सातव्या चौकोनावर.

नव्या शिकाऊ माणसाला पहिल्या दिवशी असंच विचारतात. तिने शिकाऊसारखंच उत्तर दिलं, विचार न करता. "नारिंगी. गेरू, त्यात थोडा पिवळा."

"आणि हा?" पहिला चौकोन.

"हिरवा."

"खाली काय लिहिलंय वाच."

तिने वाचलं. मग चौकोन मोजले. सहा हिरवे. चोवीस नारिंगी. मग खालची रांग. बाराच्या बारा हिरवे.

"मला वाटलं बघावं तरी, कोण एवढं देतं," बाई म्हणाल्या. "मला देता येण्यासारखं त्यात काही आहे का ते बघायचं होतं. तर हे दिसलं. हे तुला वाचून कोणी दाखवलं?"

उत्तर बाईंना ठाऊक होतं. कुलूपवाल्याने एकदा बाईंच्या घराच्या कुलपाला हिरव्या म्हणून विटकरी किल्ल्या करून दिल्या होत्या.

"बाई, तुम्ही बोलला नसतात तर?"

"तर शुक्रवारी सही करून रजेच्या सातव्या आठवड्यात तू मला शिव्या दिल्या असत्यास. मला शिव्या परवडतात. तुला बिनपगारी परवडत नाही." बाईंनी पडदा तिच्याकडून वळवला. "जा, त्याला फोन कर. ओरडू नकोस. दुकानात गिऱ्हाईक असेल."

फोन

"अरे, नारिंगी आहेत ते."

"कोणते?"

"चोवीस. पगारी सहाच."

पलीकडे किल्ली कापायचं मशीन चालू होतं. ते बंद झालं.

"मला सगळी रांग एकाच रंगाची दिसली," तो म्हणाला.

"मग मला विचारायचं ना."

"तू झोपली होतीस."

"मी झोपले नव्हते. आणि झोपले असते तरी उठवायचं. टोमॅटोसाठी उठवतोस."

"तेच तर." तो थांबला. "दिवसातून दहादा विचारतो तुला. हे पिकलंय का, हे कुठल्या जोडीतलं. बाळासाठी पहिलं काही आणायचं, ते तरी न विचारता आणावं असं वाटलं."

तिला रागवायचं होतं. तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणलंस ते कच्चं निघालं," ती म्हणाली.

"ती डब्यांची कंपनी? तिचे बारा खरे आहेत ना? तिथे जा."

"तिथे बारा झाले की संपलं. तीन महिन्यांचं पोर कुणाकडे ठेवू, तुझ्या किल्ल्यांच्या खोक्यात?"

"खोकं मोठं आहे," तो म्हणाला. मग म्हणाला, "चुकलं माझं."

"हो," ती म्हणाली. "ठेव आता."

अटी

दुपारी बाईंनी तिच्यासमोर खुर्ची ओढली. गिऱ्हाइकांची खुर्ची.

"आता नीट बोलू. मुद्दा पगाराचा नाही. म्हणजे आहे, पण दुसरा. पहिला मुद्दा नियमाचा. काम थांबतं म्हणून पगार थांबतो. काम थांबलं नाही तर?"

"म्हणजे?"

"बुबुळाचा अवघड भाग कोणता?"

"तळाचा रंग. रंग जमला की वरच्या रेषा..."

"वरच्या रेषा मीही ओढते. ओढत होते." बाईंनी हात पुढे केले. हात स्थिर होते. "हाताला काही झालेलं नाही. मोतीबिंदू काढला तेव्हापासून मला सगळं जग धुवून वाळत घातल्यासारखं दिसतं. निळं निळं. तळात पिवळा किती घालायचा याचा भरवसा उरला नाही, म्हणून सोडलं. लोकांना सांगितलं, कंटाळा आला."

तिला हे ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं. साचेकाकांच्या खोलीतलं थापणं थांबलं होतं; त्यांनाही आत्ताच कळत होतं.

"तू जायच्या आधी जेवढी माणसं ताटकळत आहेत त्यांचे तळ करून ठेव. रेषा मी ओढेन. डोळे बाहेर पडत राहतील. पगार निघत राहील."

"पण ज्याचं बुबुळ..."

"माहीत आहे ज्याचं बुबुळ. तो नियम माझ्या गुरूंचा. त्यांना पाच मुलं, आणि एकाही बाळंतपणात ते घरी नव्हते." बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मीही लेक झाल्यावर महिन्याच्या आत इथे आले. एक चकती अर्धी राहिली होती. लेकीच्या बुबुळाचा रंग आज विचार, झोपेतून उठवून विचार, कुठला किती ते सांगते. पहिलं पाऊल कधी टाकलं ते शेजारणीला माहीत."



"आणि जमलं नाही तर?" तिने विचारलं. "दोन हातांचा डोळा एकाच माणसाचा वाटला नाही तर?"

"तर शुक्रवारी तू डब्यांच्या कंपनीत जा, आणि मी पाटी उतरवते. उद्या न्हावी येतोय. बघू."

चाचणी

"म्हणजे अर्धा डोळा हिचा आणि अर्धा तुमचा?" न्हावी खुर्चीत बसत म्हणाला. "दोघींचं पटत नसेल त्या दिवशी मी कसा दिसेन?"

"नको असेल तर नको," बाई म्हणाल्या. "तुमचा हक्क आहे. हिच्याच हातचा हवा असेल तर ही करेल."

"अहो, मी एकाची दाढी करतो आणि माझा भाऊ त्याचेच केस कापतो. माणूस काय दोन डोक्यांनी घरी जातो? करा. फक्त डोळा मारता आला पाहिजे."

"तो कुठलाच मारता येत नाही," ती म्हणाली. "पापणी तुमची आहे, ती मारा."

तिने तळ धरला. न्हाव्याचा खरा डोळा तपकिरी, पण खिडकीकडे वळला की त्यात शेवाळी छटा येते. ती छटा नुसत्या हिरव्याने येत नाही, तपकिरीखाली पिवळा दाबून ठेवावा लागतो. एक थर, वाळवणं, दुसरा थर. सकाळचा उजेड सरकून भिंतीवर गेला. चौथ्या थराला तिने चकतीवर पाण्याचा थेंब सोडला. पाण्याखाली रंग खोल जातो, कवच चढल्यावर कसा दिसेल ते कळतं. तिने चकती न्हाव्याच्या गालाशी धरली. जमलं होतं.

आता उठायचं होतं. ती उठली नाही.

"हं," बाई म्हणाल्या.

ती उठली. बाई बसल्या, ब्रश ओठांनी टोकदार केला, आणि बाहुलीपासून कडेकडे पहिली रेष ओढली.

रेष जाड होती. म्हणजे चूक नव्हती, पण तिची नव्हती. दुसरीही. तिने खांद्यावरून वाकून पाहिलं. तिसऱ्या रेषेला ती म्हणाली, "बाई, तिथे जरा..."

"बाहेर जा," बाई म्हणाल्या.

बाहेर साचेकाका पाण्याच्या पिंपाशी उभे होते. ती दारापासून पिंपापर्यंत आली, परत दारापर्यंत गेली.

"पोरी, घरी बसशील तेव्हाही अशाच येरझाऱ्या घालणार का?"

"काका, जाड ओढतायत त्या."

"पंचवीस वर्षं जाडच ओढत होत्या. लोक हसत बाहेर जायचे." त्यांनी तिला पाण्याचा पेला भरून दिला. "तुझ्या त्या साइटवर आजोबांची रांग आहे का?"

"कशाला?"

"माझी लेक पुढच्या महिन्यात बाळंत होतेय. मला वाटलं विचारावं. सगळ्यांचं चाललंय तर माझंही."

तिने पेला खाली ठेवला. "काका, इतके दिवस बोलला नाहीत?"

"कुणी विचारलं नाही."

आतून हाक आली.

न्हाव्याच्या हातात आरसा होता. बाईंनी चकतीवर थेंब सोडून ती चिमट्याने त्याच्या गालाशी धरली होती. ती समोर बसली. आधी डावीकडून बघितलं, मग उजवीकडून, मग न्हाव्याला खिडकीकडे तोंड करायला सांगितलं. शेवाळी छटा आली. रेषांतून आली, आणि रेषा जाड होत्या म्हणून जरा उशिरा आली, पण आली.

"कडा गडद झालीय," ती म्हणाली.

"झालीय," बाई म्हणाल्या.

"माझ्या हातून झाली नसती."

"नसती."

न्हाव्याने आरसा जवळ घेतला, लांब नेला. दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. "मला सांगाल का, नापास कोण झालं? मी की डोळा?"

ती अजून कडेकडेच बघत होती. खोट काढायला बसलं तर होती. पण आरशातला माणूस एकच होता; त्याची नजर दोन ठिकाणांहून येत नव्हती. एवढंच तर बघायचं होतं.

"कोणी नाही," ती म्हणाली. "काका, कवच चढवायला घ्या."

बाईंनी ब्रश खाली ठेवला आणि बोटं मोडली. "सोळा आठवडे पूर्ण पगार," त्या म्हणाल्या, जणू रेषाच ओढत होत्या. "पुढचे दहा अर्धा पगार, आलीस तर अर्धा दिवस, नाही आलीस तर नाही. सहा महिने होतात. याच्यावर मला शक्य नाही. घरी विचारून सांग."

"घरी मीच सांगते," ती म्हणाली. "विचारून एकदा झालंय."

"आणि काकांना पंधरा दिवस," बाई पहिल्या खोलीकडे बघत म्हणाल्या. "ऐकलं मी. भिंती पातळ आहेत."

शुक्रवारी तिने लेन्स कंपनीला नाही कळवलं. त्यांनी कारण विचारलं. 'रंग पसंत पडला नाही' म्हणाली.

नवी नोंद भरा

संध्याकाळ. या वेळी रुमाल नव्हता. ती त्याच्या शेजारी बसली होती, तो टाइप करत होता.

"आईला: सोळा अधिक दहा. वडिलांना?"

"काकांना पंधरा दिवस, पण ते आजोबा आहेत."

"आजोबांची चौकट नाही. 'इतर' मध्ये टाकतो."

"टाक. ते पण इतर."

"पुढे लिहिलंय, 'तुमचं नाव पूर्णपणे गुप्त राहील.'"

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. कारखान्यात चार माणसं. एक मालकीण, एक आजोबा, एक सतरा वर्षांची पोरगी, आणि एक पोट पुढे आलेली.

"कोणी लिहिलं असेल बुवा," कुलूपवाला म्हणाला.

"शोधूनही सापडायची नाही."

मग चौकोन रंगवायचे आले. त्याने लॅपटॉप तिच्याकडे सरकवला. तिने परत त्याच्याकडे सरकवला.

"तू कर. मी सांगते. हा. नाही, शेजारचा. हां. आता सोळा वेळा तोच."

तो सोळा वेळा दाबत राहिला, दर वेळी तिच्याकडे बघून, आणि तिने दर वेळी मान हलवली.

रजा सुरू

शेवटच्या दिवशी ट्रेमध्ये अर्धवट चकत्या ओळीने मांडलेल्या होत्या, प्रत्येकीखाली चिठ्ठी. त्यातल्या एका मास्तरांच्या डोळ्यासाठी तिने तीन तळ केले होते आणि त्यातला कुठला वापरायचा ते बाईंवर सोडलं होतं. हे सोडायला तिला दोन दिवस लागले.

साचेकाका लेकीकडून परत आले होते आणि सगळ्यांना नातीचे फोटो दाखवून झाले होते, तरी पुन्हा दाखवत होते. पॉलिशवाली पोरगी बाईंच्या शेजारी स्टूल टाकून बसली होती, चकती कशी धरतात ते बघत. बाई तिला ओरडत होत्या.

"निघते बाई."

"हं," बाई वर न बघता म्हणाल्या. ब्रश चालू होता.

उजेड अजून भरपूर होता. इतक्या उजेडात ती या रस्त्याला कधी चाललीच नव्हती. टपालपेटी लाल नव्हती, फिकट गुलाबी झाली होती. शिंप्याने दाराला नवा निळा दिला होता आणि एका बाजूला कमी पडला होता. कोपऱ्यावर आल्यावर तिला आठवलं, मास्तरांच्या तिसऱ्या तळात पिवळा अंमळ जास्त आहे. तिने थांबून फोन लावला.

वाजत राहिला. कुणी उचलला नाही.

पोटात बाळाने कूस बदलली. ती पुन्हा लावणार, तेवढ्यात मेसेज आला. हा मात्र तिने स्वतः वाचला.

'रजेवरच्या माणसांचे फोन मी घेत नाही. तिसऱ्यात पिवळा जास्त आहे, शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसलं मला. जा घरी.'